हिरव्या पाण्याची बाटली

नौपाड्यातल्या मॅडमना खुलं आभार पत्र

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

नाव कुठेही छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत म्हणून ते गाळलं आहे. पत्र मात्र चारचौघांत लिहायचं हे मी हट्टानेच ठरवलं. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या कितीतरी शेडमध्ये माझ्यासारखी माणसं बसलेली आहेत. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

आधी बातमी सांगतो. आपला कॉलम, म्हणजे धुण्याच्या पाण्यातलं निकेल धरून ठेवणाऱ्या रेझिनने भरलेली उभी नळी, गेले तीन महिने माझ्या रबाळ्याच्या निकेल प्लेटिंगच्या (निकेलचा मुलामा चढवण्याच्या) युनिटमध्ये रोज चालतो आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम असते, आपण तिच्या बरेच खाली आहोत. कॉलममध्ये आम्ल सोडल्यावर जे हिरवंगार निकेल सल्फेट उतरतं, ते आम्ही परत आपल्याच प्लेटिंगच्या टाकीत घेतो. पहिल्यांदा ते बादलीत पडलं तेव्हा आमचा हेड प्लेटर नुसता बघत उभा राहिला. माझ्या वडिलांबरोबर वागळे इस्टेटमध्ये उमेदवारी केलेला माणूस. म्हणाला, "शेट, एवढी वर्षं आपण हे गटारात घालत होतो."

अगदी गटारात नाही, पण त्याचं म्हणणं खरं होतं. टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, वर काढला की त्याच्या अंगाला थोडं द्रावण चिकटून येतं आणि धुण्याच्या पाण्यात उतरतं. त्या पाण्यात कॉस्टिक घालायचं, निकेलचा गाळ खाली बसवायचा, तो वाळवून पोत्यांत भरायचा आणि घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवायचा, हीच आमची रीत होती. निकेल घ्यायला पैसे, टाकायलाही पैसे.

कॉलेजातले सर निकेल धरून ठेवणाऱ्या रेझिनवर काम करत होते. त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले होते. आम्ही दोघांनी मिळून संशोधन अनुदानासाठी अर्ज केला आणि तो एका ओळीच्या उत्तरानिशी परत आला. सर खचले, मी चिडलो. त्या चिडीतच कुणाकडून तरी तुमचा पत्ता मिळाला. आयुष्यभर असेच प्रस्ताव तपासून तुम्ही निवृत्त झाला होतात.

तो रविवार मी विसरणार नाही. तुम्ही पेन्सिल घेऊन आमचा प्रस्ताव पहिल्या पानापासून वाचलात. आम्ही समोर परीक्षेला बसल्यासारखे. निष्कर्षांच्या तक्त्यावर पेन्सिल थांबली आणि तुम्ही सरांना विचारलंत, "हे पाणी कुणाचं?"

सर म्हणाले, प्रयोगशाळेतच तयार केलेलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजून घातलेलं निकेल सल्फेट.

मग माझ्याकडे वळलात. "तुमच्या टाकीत एवढंच असतं?"

मी बोटं मोजायला लागलो. निकेल क्लोराइड, बोरिक ॲसिड, चकाकी येण्यासाठी ब्रायटनर, वेटिंग एजंट. जॉब लोखंडी असले की थोडं लोखंड. बोअरच्या पाण्याचा कॅल्शियम. आधीच्या धुण्यातून निसटून आलेलं तेल. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पुढच्या रविवारी ते पाणी घेऊन या."

रबाळ्याहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येताना माझ्या पिशवीत दोन लिटरची बाटली होती. आत फिकट हिरवं पाणी आणि वर तेलाचा पातळसा तवंग. ती तुम्ही खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलीत. मग सरांच्या हातात देऊन म्हणालात, "आता यावर चालवा."

प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने टिकलेलं रेझिन आमच्या पाण्यावर चौथ्याच फेरीला दमलं (निकेल धरायचं आणि आम्लाने धुवून सोडायचं, ही एक फेरी). ब्रायटनरमधले सेंद्रिय घटक त्याच्यावर थर धरून बसत होते. फोनवर सरांचा आवाज पडलेला होता. तुमचा मात्र खुललेला. "छान झालं. आता तुमच्याकडे प्रस्ताव आहे," म्हणालात. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पुढे तुम्हीच तो उलगडून सांगितलात. तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायच्या नऊ पातळ्या असतात. ही पद्धत मूळची नासाची. सरांचं काम तिसऱ्या पातळीवर होतं: कल्पना सिद्ध झालेली, पण काचेच्या भांड्यात. मला हवं होतं ते आठव्या-नवव्या पातळीवरचं, म्हणजे सकाळी बटण दाबलं की चालणारं. मधल्या पट्ट्यात कुणीच उभं नसतं. विद्यापीठाच्या दृष्टीने निबंध छापून आला की काम झालं. कारखानदाराला भरवसा नसतो आणि बँक तारण मागते. विद्यापीठ आणि उद्योगाला एकत्र मिळणारं अनुदान नेमकं या पट्ट्यासाठी असतं. आम्ही पहिल्या अर्जात हा पट्टा नाहीच असं दाखवलं होतं. म्हणून तो परत आला आणि तो परत येणंच बरोबर होतं, असं आज मी मनापासून म्हणतो.

दुसऱ्या प्रस्तावात चौथ्या फेरीचं अपयश पहिल्याच पानावर गेलं. त्यावरचा उपाय, म्हणजे कॉलमच्या आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर, हा पहिला टप्पा ठरला. आणि तुम्ही एक वाक्य घालायला लावलंत: खऱ्या पाण्यावर सहा महिन्यांत ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या नाहीत तर काम थांबवू आणि उरलेली रक्कम परत करू. मी वाद घातला. स्वतःच्या हाताने असं कोण लिहून देतं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "समितीत मी बसले आहे. पैसे अडकून पडतात, फाइल बंद होते आणि अहवाल कपाटात जातो, ही त्यांची भीती असते." सादरीकरणात पहिलाच प्रश्न त्या वाक्यावर आला. उत्तर मी दिलं, सरांनी नाही, आणि तेही तुम्हीच ठरवून दिलं होतं. माझं आता ठाम मत झालं आहे की समितीपुढे कारखानदाराने स्वतः बोललं पाहिजे.

रोख वाटा द्यायला मी कुरकुर केली होती, तेही आठवतं. जागा, वीज, माणसं देतो, वर रोख कशाला? तेव्हा तुम्ही 2015 साली सुरू झालेल्या उच्चतर आविष्कार योजनेचा दाखला दिलात. आयआयटींबरोबरच्या त्या प्रकल्पांत 25 टक्के वाटा उद्योगानेच उचलायचा होता. स्वतःचे पैसे घातलेला माणूस दर आठवड्याला कॉलम बघायला जातो, एवढंच तुम्ही म्हणालात. मी आठवड्यातून दोनदा जात होतो.

सगळ्यात अवघड गेलं ते मालकीचं. कॉलेज म्हणत होतं पेटंट आमचं, मी म्हणत होतो पाणी माझं, जागा माझी. शेवटी दोघांच्या नावावर करू, असं आम्ही समजुतीने ठरवलं आणि खुशीत तुमच्याकडे आलो. तुम्ही पेटंट कायद्याचं 50 वं कलम उघडून पुढ्यात ठेवलंत. सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय आपला हिस्सा विकता येत नाही की कुणाला परवाना देता येत नाही. म्हणजे उद्या आमच्यात बिनसलं तर दोघेही अडकले. मग तुम्ही सुचवलंत तसं झालं. पेटंट कॉलेजच्या नावावर, शैक्षणिक संस्थांना 2021 पासून शुल्कात 80 टक्के सूटही मिळते. प्लेटिंगच्या कामासाठी पहिला परवाना ठरावीक वर्षांपुरता आम्हाला आणि विक्रीवर रॉयल्टी कॉलेजला. दुसऱ्या धातूंसाठी, दुसऱ्या उद्योगांसाठी कॉलेज मोकळं. हे सगळं अनुदानाचा पहिला हप्ता यायच्या आधी सह्या होऊन कागदावर होतं. पैसे आल्यावर हे बोलणं झालं असतं तर आम्ही भांडलो असतो, याची मला खात्री आहे.

सरांच्या विद्यार्थिनीचा किस्साही लिहितोच. ती एका परिषदेत पोस्टर लावणार होती आणि त्यात फिल्टरची सगळी मांडणी होती. तुम्हाला सहज बोलताना कळलं आणि तुम्ही रात्री साडेदहाला फोन केलात. आधी जगजाहीर झालेल्या गोष्टीचं नावीन्य जातं, मग पेटंट कशाचं घेणार? दोन दिवसांत पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल झाला. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. पोस्टर लागलं, मुलीला बक्षीसही मिळालं. तुम्ही तिला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातलीत, हे तिने मला सांगितलं.

हिशेबाबद्दल थोडक्यात. वेगळं खातं, वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, आणि अनुदानाच्या रकमेवर पडलेलं व्याज सरकारजमा. ते व्याज आपलं नसतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या अकाउंटंटने तुमचा कागद काचेखाली लावून ठेवला आहे.

पुढचं पाऊल आता दिसतं आहे. तुर्भ्याच्या एका प्लेटरने त्याच्याकडे असाच कॉलम बसवायला सांगितलं आहे. मोठ्या प्रमाणावर बनवायचं तर अनुदानाची नाही, भांडवलाची गरज पडेल. 1996 पासून काम करणारं तंत्रज्ञान विकास मंडळ सवलतीचं कर्ज देतं. आणि 2025 मध्ये केंद्राने 1 लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी मंजूर केला आहे, तो चौथ्या पातळीपासून वरच्या कामांसाठी. ही दोन्ही नावं मला तुमच्याच वहीतून मिळाली. आमच्यासारख्या छोट्या युनिटपर्यंत तो निधी पोहोचावा असं मला फार वाटतं, कारण खाडीच्या काठावरचा हा पट्टा अशाच युनिटांनी भरलेला आहे आणि समोर खाडीत रोहित पक्षी उतरतात.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. आंब्याची पेटीसुद्धा परत पाठवलीत, त्याचं वाईट मला अजून वाटतं. विचारलं तेव्हा म्हणालात, "मी मंजूर केलेली किती कामं कपाटात गेली ते मला माहीत आहे. एक तरी चालताना बघायचं आहे."

मॅडम, ते चालतं आहे. तुमच्या गुडघ्यांची आठवण ठेवून पायऱ्यांना कठडा बसवून घेतला आहे. गाडी घराखाली सव्वाआठला येईल, तुम्ही फक्त वार सांगा. रेझिन धुवायचं काम मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. त्या दिवशी आलात तर हिरवं पाणी उतरताना बघायला मिळेल, आणि व्हॉल्व्ह तुम्हीच उघडायचा, असं हेड प्लेटरने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

आपला नम्र,
रबाळे एमआयडीसीतला तुमचा विद्यार्थी