ताई, तुम्ही माझ्याकडून माझाच करार वाचून घेतलात

अमळनेर, जि. जळगाव

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत एजन्सीनं मला बिनपगारी बसवून ठेवलं, तेव्हा तुम्ही मदतीला उभ्या राहिलात. फोनवर त्याचे आभार मानायला गेले की तुम्ही विषयच बदलता. "जेवनी का?" म्हणता आणि माझे शब्द घशात राहतात. म्हणून सुट्टीवर घरी आल्यावर हे पत्र लिहायला बसले, आणि ते उघडच लिहितेय. धुळे-जळगावकडे बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून अमेरिकेची तयारी करणाऱ्या पोरापोरींनीही ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

परीक्षेपर्यंतची वाट मला ठाऊक होती. साडेचार वर्षांची पदवी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून सीलबंद पाकिटातली कागदपत्रं, परदेशी पदव्या तपासणाऱ्या एफसीसीपीटी या संस्थेची तपासणी, इंग्रजीच्या टोफेल परीक्षेत तेव्हा बोलण्यात लागणारे 26 गुण आणि मग एनपीटीई, म्हणजे तिथल्या फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा. 200 ते 800 मध्ये पास व्हायला 600 लागतात. ते मिळाले त्या दिवशी आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. थेरपिस्ट पुरवणाऱ्या एजन्सीनं एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीचा व्हिसा, केला आणि तीन वर्षांचा करार ईमेलनं आला. तो मी एका रात्रीत सही करून परत धाडला. शेतीवर कर्ज होतं, नोकरी हातात होती, वाचत बसायला धीर नव्हता.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये वृद्धांच्या नर्सिंग फॅसिलिटीत रुजू झाले. धुळ्याला लकवा झालेल्या आजोबांना उभं करताना मी कधी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. तिथे मेडिकेअरचे, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे थेरपीच्या मिनिटांवर ठरायचे. आठवड्याला 720 मिनिटं भरली की पेशंट सगळ्यात वरच्या गटात. कंबरेला धरायचा पट्टा, गेट बेल्ट, बांधून आजींना चार पावलं चालवायची, की लगेच संगणकात मिनिटं टाकायची. तेही शिकले. मग 1 ऑक्टोबर 2019 ला पीडीपीएम ही पैसे देण्याची नवी पद्धत आली. मिनिटांऐवजी पेशंटचा आजार आणि अवस्था बघून पैसे द्यायचं ठरलं आणि ठिकठिकाणी थेरपिस्ट कमी झाले. आमच्याकडे आधी एजन्सीची माणसं गेली.

एजन्सीचा निरोप असा: नवी जागा मिळेपर्यंत खोलीवर थांब, काम नाही तोवर पगार नाही, आणि मधेच सोडलंस तर दंड भर. सहा आठवडे मी तशी राहिले. आईला रोज सांगायचे, आत्ताच ड्युटीवरून आले. ज्या दोघातिघांना खरं सांगितलं, त्यांनी एकच विचारलं, "सही करताना वाचलं नव्हतंस का?"

कॉलेजच्या एका सीनियरनं तुमचा नंबर दिला. तुमच्या तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मी रडत बोलत होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी शे ना. पेन घे. करार काढ. पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच." सही करताना वाचलं होतं का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून सतरा पानं वाचली. अडले की तुम्ही थांबवायच्या, "आता हे तुझ्या शब्दांत सांग" म्हणायच्या. मग विचारलंत, "एलसीए कुठंय?" मला ते नावही आठवेना. एच-वन-बीसाठी मालक अमेरिकेच्या कामगार खात्याकडे भरतो तो अर्ज, आणि रुजू होताना त्याची प्रत देणं मालकाला, म्हणजे एजन्सीला, बंधनकारक असतं, हे तुम्ही सांगितलंत. आईनं दिलेल्या बिबड्यांच्या डब्याखाली, बॅगेच्या तळाशी फाईल होती. त्यात तो कागद निघाला. त्यावर माझा पगार छापलेला होता.

त्या कागदाच्या आधारानं तुम्ही समजावलंत की आपण स्वतःहून रजा घेतली तर गोष्ट वेगळी, पण मालकाकडे काम नाही म्हणून बसवून ठेवलं तर एच-वन-बीवाल्याचा पगार थांबवता येत नाही. खरंच कामावरून काढायचं असेल तर यूएससीआयएसला, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याला, कळवावं लागतं आणि परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही द्यावा लागतो. दंडाबद्दल मात्र तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. मुदतीआधी सोडलं म्हणून शिक्षेसारखा दंड घेता येत नाही, पण खऱ्या नुकसानीची भरपाई राज्याच्या कायद्यात बसू शकते, तेव्हा वकिलाला विचार, म्हणालात. त्या वकिलाची एका तासाची फी तुम्हीच भरलीत आणि मला कळूही दिलं नाहीत. मला ते त्यांच्या ऑफिसातून कळलं.

एजन्सीला पत्र मी लिहिलं. तुम्ही फक्त दोन ठिकाणी खाडाखोड केलीत, दोन्ही ठिकाणी मी माफी मागितली होती. कामगार खात्याकडे करायच्या तक्रारीचा डब्ल्यूएच-4 फॉर्मही भरून ठेवायला लावलात, कारण तो बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. तो धाडायची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी सहा आठवड्यांचा पगार खात्यावर जमा झाला. त्या दिवशी मी आईला पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या ताईची आई कुठं राहते?"

नवी नोकरी त्याच राज्यात शोध, हा सल्लाही तुमचाच. लायसन्स राज्याचं असतं, दुसऱ्या राज्यात गेले असते तर त्यातच आणखी आठवडे गेले असते. नव्या मालकाचा एच-वन-बीचा अर्ज दाखल झाला की काम सुरू करता येतं, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. आज मी लोकांच्या घरी जाऊन थेरपी देते. पेशंटच्याच पायऱ्यांवर, त्याच्याच न्हाणीघरात त्याला उभं करते. मला हे काम फार आवडतं, ताई.

परवा आई आणि मी चोपड्याला तुमच्या घरी जाऊन आलो. तुमच्या आईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. दोघी ओसरीवर बसून तासभर बोलत होत्या, मला मधे येऊच दिलं नाही. निघताना आईनं तुमच्या आईंचे हात हातात घेतले. बोलली काहीच नाही.

या वैशाखात आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे घातलेत. आईनं त्यातला एक डबा तुमच्या नावानं बाजूला काढून वर सुतळी बांधली आहे. मी पोचले की पोस्टानं पाठवते. पत्ता तेवढा कळवा.

तुमची,
अमळनेरची पोर