महिपतगडाच्या रानात वाटाड्या हवाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की खेड तालुक्यात रसाळगड-सुमारगड-महिपतगड करणाऱ्यांची रीघ लागते. मुंबई-पुण्याची मंडळी रात्रीच्या गाडीने येतात, रसाळगडावर झोलाईच्या देवळात पथारी टाकतात आणि दुसऱ्या दिवशी रानात शिरतात. यावंच त्यांनी. तक्रार आहे ती वाटाड्या न घेता मोबाइलच्या नकाशावर दिसणाऱ्या वाटेच्या रेघेच्या भरवशावर निघण्याबद्दल.

रसाळगडाचं काही नाही, तिथे शाळेच्या सहलीही जातात. खरी भानगड सुमारगड सोडून महिपतगडाकडे निघालं की सुरू होते. कारवी डोक्याच्या वर गेलेली, पलीकडचा डोंगर दिसत नाही, आणि वाटा म्हणाल तर एकीला दहा फाटे. त्यातल्या निम्म्या ढोरवाटा. चांगली मळलेली दिसते म्हणून माणूस बिनधास्त निघतो आणि थोड्या वेळाने करवंदीच्या जाळीत नाहीतर ओढ्याच्या घळीत जाऊन उभा राहतो. इथला माणूस अशा वेळी पायाखाली कमी आणि छातीच्या उंचीवर जास्त बघतो. गुरं फांद्यांखालून निघून जातात, त्यामुळे ढोरवाटेवर फांद्या आडव्या येतात. माणसांच्या वाटेवर त्याच फांद्यांवर कोयत्याचे जुने घाव दिसतात. ही खूण कुठल्या ॲपमध्ये सापडायची?

शिवाय ती रेघ कोणीतरी फेब्रुवारीत चालून नोंदवलेली असते. नोव्हेंबरात तिथे कमरेएवढं गवत असतं, एखादी वाट पावसाने खचलेली असते. कड्याच्या पोटात आणि गच्च झाडीत फोनवरचा ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो. पन्नास मीटरची चूक झाली की माणूस भलत्याच सोंडेवर उतरतो.

उंचीच्या आकड्यानेही लोक फसतात. महिपतगड 900 मीटरच्या थोडा वर, म्हणजे देशावरच्या किल्ल्यांपुढे किरकोळ वाटतो. पण देशावर पायथ्याचं गावच बऱ्याचदा 600-700 मीटरवर वसलेलं असतं. आमच्याकडे चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून मोजायचा, तोही दमट हवेत. दोन बाटल्या पाणी घेऊन आलेल्यांचा घसा सुमारगडाआधीच कोरडा पडतो. महिपतगडाचा माथाही लहान नाही. वर रान माजलंय. पारेश्वराचं देऊळ, खेड दरवाजा, कोतवाल दरवाजा शोधता शोधता पुन्हा चुकायची सोय आहेच.

मग रात्री वाडीतली माणसं बॅटऱ्या घेऊन हाका मारत फिरतात. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांची मदत फोनवर मागता येते, पण त्या रानात रेंज मिळाली तर. पथक पोचेपर्यंत शोधायला असतात ती गावातलीच माणसं, आणि त्यांची सकाळी भाताची झोडणी असते. चुकलेली मंडळी आभार मानून जातात, त्यात खोट नाही. पण बसभर माणसं गोळा करून, माणशी पैसे घेऊन आणणारे काही आयोजक स्वतःच पहिल्यांदा आलेले असतात, त्यांना काय म्हणावं? राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. ती आहे का, हे पायथ्याला विचारतो कोण?

यावर उपाय म्हणून पायऱ्या बांधा, रेलिंग लावा अशी मागणी कोणी करू नये. सिमेंट आलं की रान गेलं. फक्त जिथे वाट फुटते तिथे दगडावर रंगाचा बाण पुरे. वाट शोधण्यातली मजा जाईल असं काही जाणते ट्रेकर म्हणतील. त्यांनी खुशाल बाणांकडे पाठ करून चालावं.

रंगापेक्षा वाटाड्याची सोय महत्त्वाची. ग्रामपंचायतींनी वनखात्याशी बोलून वाडीतल्या माहीतगार माणसांची यादी आणि दिवसाचा दर पाटीवर लिहावा. दर लिहिलेला असला की पाहुण्याला फसवल्यासारखं वाटत नाही आणि आमच्या पोरांना पैसे मागायला संकोच होत नाही. मुंबईला न गेलेल्या चार पोरांना हंगामात हातखर्च सुटेल, हेही काही वाईट नाही.

त्याच पाटीखाली एक वही ठेवावी. कोण, किती जण, कधी निघाले, कुठे उतरणार एवढंच लिहायचं आणि पलीकडे महिपतगडाच्या पायथ्याच्या बेलदारवाडीला फोन करून कळवायचं. चार वाजेपर्यंत तिथे कोणी पोचलं नाही, तर उजेड असतानाच शोधायला निघता येईल. गवत वाळल्याशिवाय बाण रंगवता येणार नाहीत, पण पाटी आणि वही दसऱ्यापर्यंत सहज होईल.

आपला,
एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी