प्रॉम्प्टच्या आधी पीडीएफ तपासा

एआयकडून प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय कसे करून घ्यावेत, याचे शिक्षकांसाठीचे वर्ग सध्या जोरात आहेत. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कशी लिहायची ते तिथे शिकवतात. ज्या पीडीएफवरून प्रश्न काढायचे ती यंत्राला वाचता येते का, हे मात्र क्वचितच पाहिलं जातं.

मराठीतल्या बऱ्याच शैक्षणिक पीडीएफ अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमधला ‘का’ म्हणजे फाइलच्या लेखी ‘डी’ आणि ‘के’. असा धडा दिला की चॅटबॉट ‘वाचता येत नाही’ असं सांगेलच याचा भरवसा नाही. इयत्ता आणि धड्याचं नाव यांवरून अंदाज बांधून तो धड्यात नसलेलेच प्रश्न सफाईदार मराठीत देऊ शकतो. म्हणून आधी एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. अगम्य अक्षरं आली तर पानांच्या ३०० डीपीआयच्या (म्हणजे पुरेशा स्पष्ट) प्रतिमा काढून टेसरॅक्टसारख्या ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या प्रोग्रॅमला, द्याव्यात, भाषा मराठी निवडावी (हिंदी नव्हे) आणि घ-ध, भ-म, अनुस्वार, आकडे मूळ पानाशी ताडून पाहावेत.

दुसरी अडचण खास आपली. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह काढलं की भूगोलाच्या धड्यात सह्याद्रीला दऱ्यांऐवजी दर्या येतो! ऑनलाइन चाचणीत तर उत्तरसूचीत एक रूप आणि मुलाने टाइप केलेलं दुसरं, एवढ्यावरून बरोबर उत्तर चूक ठरतं. देवनागरी १२ आणि इंग्रजी आकड्यांतले बारा यांचंही तेच. तुलनेआधी दोन्हींचं एकच रूप करून घेणं हे प्रोग्रॅमरचं चार ओळींचं काम, पण चाचणीच्या सॉफ्टवेअरच्या खरेदीच्या अटींत ते लिहिलेलं नसेल तर करणार कोण?

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत; देवनागरी तिच्यात १९९१ पासून आहे. छपाईला कोणताही फॉन्ट वापरा, पण प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफसोबत युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइलही शिक्षण विभागाने द्यावी. ओसीआरचा खटाटोप शाळाशाळांतून वेगवेगळा करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

– भाषातंत्रज्ञान क्षेत्रातील एक वाचक, पुणे