रंगीत झाडं विकताना उजेड किती लागतो तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घर सजावटीचे फोटो येतात ते मी आवर्जून बघते, पण गेल्या दोन-तीन वेळा त्यात लालभडक क्रोटन सोफ्याच्या मागे अशा कोपऱ्यात ठेवलेलं दिसलं की जिथे खिडकीच नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो तेव्हा गॅलरीत सासूबाईंचं क्रोटन होतं, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं. सकाळचं ऊन दहा वाजेपर्यंत थेट त्याच्यावर यायचं आणि पानं अशी लाल-केशरी की हळदीकुंकवाला आलेल्या बायका फांदी मागून न्यायच्या. मग चाळ पाडली, टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर घर मिळालं, घर छान आहे काही तक्रार नाही, पण हॉलच्या खिडकीसमोर दुसऱ्या विंगची भिंत. डबा आणून टीव्हीच्या बाजूला ठेवला. पंधरा दिवसांत खालची पानं गळायला लागली, रोज केर काढताना चार-पाच तरी सापडायची, आणि नंतर जी पालवी फुटली ती नुसती हिरवी, लाल रंगाचा ठिपका नाही. सासूबाई म्हणाल्या झाडाला घर मानवलं नाही. त्यांना खूप लागलं ते.

घर नाही, उजेड मानवला नाही. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतंच, पण लाल-पिवळा रंग धरायला त्याला भरपूर प्रकाश लागतो, अंधारात पान सगळी ताकद हरितद्रव्यावर लावतं. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या मनी प्लांटचंही तेच, पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच त्यामुळे हिरव्या भागालाच सगळ्या झाडाला पोसावं लागतं, मग उजेड कमी पडला की नवी पानं हिरवी यायला लागतात.

हे मला कुठल्याही नर्सरीत कोणी सांगितलं नाही. मी नंतर साडेतीनशे रुपये देऊन नवीन क्रोटन घेतलं तेव्हा विचारलं की घरात चालेल का, तर 'इनडोअर आहे ताई, कुठेही ठेवा, हवा पण शुद्ध करतं' असं उत्तर. ते हवेचं म्हणणं नासाच्या 1989 च्या प्रयोगावरून आलंय, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केला होता. 2019 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा पुन्हा हिशोब झाला तेव्हा निघालं की खिडकी उघडून जेवढा फरक पडतो तेवढा पाडायला एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. आपल्या वन रूम किचनमध्ये कुठे ठेवणार? झाड सुंदर दिसतं म्हणून घ्यावं, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता मी घेण्याआधी एक करते, दुपारी बाराच्या सुमारास जिथे कुंडी ठेवायचीय तिथे पांढरा कागद ठेवून वर हात धरते. सावली ठळक पडली तर क्रोटन, कोलियस घ्या. पुसट पडली तर लाल किंवा गुलाबी अग्लोनिमा, हे मूळचं जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणाऱ्यांपैकी आहे, ते आमच्या हॉलमध्ये दोन वर्षं टिकून आहे आणि रंगही बराच टिकलाय. सावलीच पडली नाही तर तिथे रंगीत झाड ठेवू नका, बिचारं महिनोन्महिने खंगत राहतं. मात्र अग्लोनिमा आणि डिफेनबेकिया या झाडांची पानं लहान मुलांनी किंवा मांजराने चावली तर तोंडाची आग होते, म्हणून हाताला येईल असं ठेवू नका.

कॅलेडियमबद्दल तर कळकळीने सांगायचंय. गुलाबी पानांचं ते झाड थंडीत पार झोपून जातं, वर काहीच उरत नाही, आणि लोक मेलं समजून कुंडी कचऱ्यात टाकतात. माझ्या शेजारच्या ताई टाकायला निघाल्या होत्या, मी माती उकरून दाखवली तर आत कंद टणक होता. पाणी बंद करून बाजूला ठेवली, पावसाच्या तोंडावर कोंब आले.

पावसाळ्यात आपल्याकडे ढगांमुळे घरात उजेड अजून कमी होतो आणि हवा दमट, तरी आपण सवयीने रोज पाणी घालतो आणि मुळं कुजतात. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून घ्या, डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यातच होतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं तपासायला आली की लोक चिडतात, पण ते बरोबरच बोलतात.

अजून एक, हल्ली निळे-जांभळे रंग फासलेले सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची छोटी झाडं, विकायला असतात. रंगाच्या थराखाली पानाला उजेडच मिळत नाही, नवीन पान हिरवं येतं आणि जुनं गुदमरतं. हे विकणं बंद व्हायला हवं, मला बघवत नाही.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत झाडाचा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ टाका, किती उजेड लागतो आणि थंडीत काय होतं. नर्सरीवाल्यांनी कुंडीवर किमतीच्या चिठ्ठीसोबत तेवढंच लिहावं. राणीच्या बागेत दरवर्षी महापालिकेचं झाडांचं प्रदर्शन भरतं, लाखो मुंबईकर येतात, तिथे प्रत्येक कुंडीसमोर हे लिहिलेलं असलं तर घरी जाऊन कितीतरी झाडं जगतील. सासूबाईंचा डबा आम्ही सोसायटीच्या परवानगीने जिन्याच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलाय, शेंड्याच्या दोन पानांच्या शिरा केशरी झाल्यात.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई