सुरमईबद्दल खरं काय ते

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तू आत्तापर्यंत तीनदा विचारलंस की सुरमई कशी झाली होती आणि मी तिन्ही वेळा 'एक नंबर' म्हणून विषय बदलला. लेका, खोटं बोललो. बांगडे खाल्ले ते खरं, ज्या दिवशी बॉक्स आला त्याच दुपारी तिरफळं घालून तिखलं केलं होतं, हिने सुद्धा दोनदा भात घेतला. पण सुरमई, कोलंबी आणि ती गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, यातलं काहीही आमच्या पोटात गेलेलं नाही. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू आधी हसला असतास आणि मग शिव्या घातल्या असत्यास आणि मूळ गोष्ट राहूनच गेली असती, म्हणून लिहून पाठवतोय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे उभं राहून माल निवडून, बर्फात दाबून, ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातापाया पडून तू तो थर्माकोलचा बॉक्स पाठवलास, तेव्हा निदान खरं कळायचा तुझा हक्क आहे.

झालं असं की वसुबारसेला आम्ही सोलापूरला सासरी निघालो. सुरमईच्या तुकड्या मीठ-हळद लावून डब्यात, कोलंबी सोलून पिशवीत, सगळं फ्रीजरला व्यवस्थित लावलेलं, की आल्यावर दिवाळीच्या गोडाचा उतारा म्हणून तळू. निघताना ही खालून ओरडली "गॅस बघितलास का, नळ बघितलास का, मेन स्विच बघ". आता 'बघ' म्हणजे काय ते तूच सांग. मी बघितला आणि बंद केला. सगळे एमसीबी एका हाताने खाली. वर दाराला कुलूप लावताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू. सहा दिवस बंड्या, ऑक्टोबरची ती गरमी, सगळ्या खिडक्या बंद, आणि आत तुझी सुरमई.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, 'दुसऱ्या मजल्यावर खूप वास येतोय, बहुतेक डक्टमध्ये उंदीर मेलाय'. मग चर्चा सुरू, कोण म्हणतं घूस आहे, कोण म्हणतं मांजर, वॉचमनला टॉर्च घेऊन डक्टमध्ये डोकवायला लावलं, शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. मी सोलापुरात झोपाळ्यावर बसून चकली खात त्या मेसेजला अंगठा दिला. वर 'लवकर बोलवा, लहान मुलं आहेत' असंही टाकलं.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा. पहिल्या मजल्यावरच हिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली बिचारे लोक कसे राहिले असतील. दार उघडलं, बटण दाबलं, लाइट लागेना, आणि त्या अंधारात मला सगळं एकदम कळलं. पायातलं बळ जातं म्हणतात ना तसं.

फ्रीजर उघडल्यावर काय दिसलं ते नाही लिहीत, तू जेवून वाचत असशील. एवढंच सांगतो की कोलंबीची पिशवी फुगून टम्म झाली होती आणि सगळं पाणी खाली भाजीच्या ट्रेपर्यंत उतरलेलं. ही गॅलरीत जाऊन उभी राहिली. मेहुण्याला फोन केला तर तो महाभाग म्हणतो, अरे खालच्या डब्यातलं थोडं बरं असेल तर लिंबू चोळून कडक तळून बघ, तेलात सगळं मरतं. तुला माहिती असेलच तरी सांगतो, बांगडा, सुरमई, कुपा (म्हणजे ट्यूना) हे एकाच खानदानातले, आणि हे मासे गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. जंतू तेलात मरतील पण हे तळून जात नाही, उकळून जात नाही आणि परत गोठवूनही जात नाही. खाल्लं की तास-दीड तासात तोंड लालबुंद, अंगावर चट्टे, डोकं ठणकतं, आणि माणूस समजतो की मला माशाची ॲलर्जी झाली. त्यामुळे हळहळ कितीही वाटली तरी एक तुकडीसुद्धा ठेवली नाही.

पण रात्री अकरा वाजता टाकायचं कुठे? खाली डस्टबिनमध्ये टाकलं तर मांजरं रात्रीत सगळ्या पार्किंगमध्ये वाटप करणार. मग एक केलं ते बरं केलं, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून तीन पिशव्यांमध्ये एकात एक घालून गाठी मारल्या, फ्रीज चालू केला आणि परत त्याच फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळपर्यंत दगड झाले, दगडाला वास कमी. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आधीच सांगितलं की यात नासलेले मासे आहेत, उघडू नका आणि ओल्यात मिसळू नका. त्या म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत दादा, नाहीतर लोक तसंच हातात देतात.

आता खरी कथा सुरू. मला वाटलं माल गेला म्हणजे वास गेला. कसला जातोय. पहिल्या दिवशी मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारला तर घरात मोगऱ्याच्या गजऱ्यात गुंडाळलेला सडका मासा. मग धूप, मग कापूर, मग उदबत्ती, घराचं अगदी देऊळ झालं आणि देवळात कोळीणबाई. शेवटी ही म्हणाली की वासावर वास टाकणं बंद कर, आधी धू. सगळे कप्पे, ट्रे, काचा बाहेर काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्या, मग व्हिनेगर पाण्यात घालून आतून पुसून घेतलं. दाराच्या रबराच्या घड्यांमध्ये जुना टूथब्रश घातला तर त्यातून जे निघालं ते बघून मी पुन्हा गॅलरीत. मी तर जोशात येऊन ब्लीचसुद्धा ओतणार होतो व्हिनेगरवर, पण हिने बाटली हातातून ओढून घेतली. ती लॅबवाली ना, तिला माहीत, ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात मग माशाचा वास ही सगळ्यात छोटी अडचण.

व्हिनेगरचं कारणही तिनेच सांगितलं, मला आवडलं म्हणून तुलाही सांगतो. समुद्रातल्या माशाच्या अंगात खाऱ्या पाण्यात तग धरायला एक पदार्थ असतो, मासा मेला की जंतू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो बराचसा हाच. हा अल्कली जातीचा, त्याला आंबट भेटलं की त्याचं मीठ होतं आणि मीठ काही हवेत उडत नाही. म्हणजे तुझी आई कालवणात कोकम टाकते, मासा धुताना कोकमाचं आगळ चोळते, हात लिंबाच्या सालीने घासते, ते सगळं केमिस्ट्रीच आहे लेका, आपण उगाच दहावीला त्यात काठावर पास झालो. पण सहा दिवस सडलेल्या मालात एवढंच नसतं, त्यात गंधकवाले वासही असतात, त्यांच्यापुढे लिंबाची डाळ शिजत नाही. म्हणून आत वाटीभर खायचा सोडा पसरून ठेवला, कॉफी पावडर ठेवली, एका ताटलीत कोळसा ठेवला.

तीन दिवस झाले तरी वास आहेच. आणि गंमत म्हणजे फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलं की कमी, चालू केला की तासाभरात परत घरभर. आतून तर नाक लावून हुंगला, आत फक्त कॉफी. हिने नवीन फ्रीजचे भाव बघायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या ताई दारात थांबल्या, नाकाने जरा हुंगलं आणि म्हणाल्या, "दादा, वास जात नाही म्हणजे माल अजून आहे कुठंतरी." बास. मी आपला सोडा बदलत बसलोय आणि ह्या बाईने उंबऱ्याबाहेरून निदान केलं.

फ्रीज ओढून भिंतीपासून लांब केला, प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. तुझ्याकडे पण डबल डोअरच आहे ना, मग बघून ठेव. आपला बर्फ आपोआप वितळतो त्याचं पाणी फ्रीजरच्या मागच्या भोकातून एका नळीने खाली येतं आणि कॉम्प्रेसरच्या डोक्यावर एक ट्रे असतो त्यात जमतं, कॉम्प्रेसर तापला की ते वाळून जातं. माझ्या ट्रेमध्ये सुरमईचं आणि कोलंबीचं पाणी. म्हणजे गेले तीन दिवस फ्रीज चालू करून मी ते मंद आचेवर उकळवत होतो! आमचा ट्रे नशिबाने निघाला, बाथरूममध्ये नेऊन घासला, गॅलरीत उन्हात टाकला, आणि नळी मोठ्या सिरिंजने सोड्याचं कोमट पाणी मारून धुतली, तीन-चारदा, खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. संध्याकाळी चालू केला आणि पहिल्यांदा घरात फोडणीचा वास आला.

बर्फाचा ट्रे मात्र टाकून दिला, जुन्या प्लास्टिकमधून वास निघता निघत नाही. हे कळलं ते सासरेबुवांना सरबत दिल्यावर. एक घोट घेऊन शांतपणे म्हणाले, जावईबापू, लिंबू कोकणातलं आहे का?

तुझ्याकडे लाइट जाते म्हणून एक सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे कितीतरी दिवस अंधार होता आठवतं ना. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार अजिबात उघडलं नाही तर साधारण ४८ तास माल टिकतो, अर्धा भरलेला असेल तर २४. आणि एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून दे. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, तळाशी गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून परत गोठलंय, बिनधास्त टाक. मी आता ठेवलंय, शिवाय फ्रीजच्या एमसीबीला हिने लाल नेलपॉलिश लावलंय.

बॉक्स परत पाठवत नाहीये, तो पण कचऱ्यात गेला. पुढच्या वेळी पाठवशील तेव्हा शुक्रवारी रात्री टाक, शनिवार-रविवारी संपवतो, साठवणार नाही.

आणि हो, डक्टमध्ये उंदीर काही सापडला नाही, पण पेस्ट कंट्रोलवाला औषध मारून गेला आणि या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये प्रत्येक फ्लॅटला त्याचे दीडशे रुपये लागलेत. मी मुकाट्याने भरले. तुझा मावसभाऊ बी विंगमध्ये राहतो, त्यानेही भरले असणार, तेव्हा त्याच्यापाशी यातलं अक्षरही बोलू नकोस. फारच वाईट वाटत असेल तर त्याचे दीडशे तू दे, सुरमई तुझीच होती.

तुझाच,
मेन स्विचवाला