फॉरमॅटच्या आधी डेटाचं विचारा

महोदय,

‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार स्वस्त झालंय. बार्शीत माझंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे पत्र वाचून काही व्यवसायबंधू नाराज होतील. होऊ देत. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. त्याला डोकं लागत नाही आणि दर ठरलेला असतो. बिघाड शोधत बसलं तर अर्धा दिवस जातो, वर गिऱ्हाईक म्हणतं, ‘नुसता सेल बदलला आणि एवढे पैसे?’ दोष दोन्हीकडे आहे.

हा सेलचा किस्सा खराच आहे. लग्नपत्रिका करणाऱ्या एका डीटीपीवाल्याचा जुना डेस्कटॉप निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दाखवून अडायचा. आधीच्या दुकानाने फॉरमॅट सांगितला होता. मी बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) उघडलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा चपटा सेल संपला की वीज जाताच बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. तसाच साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला होता आणि विंडोजला स्वतःची डिस्कच ओळखू येईना. नवा सेल बसवला, मोड पूर्ववत केला, मशीन सुरू. त्याचे मराठी फॉन्ट आणि पत्रिकांचे सगळे साचे जागच्या जागी.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. तेव्हाही बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) जाऊन एक फाइल काढणं पुरलं. विंडोज अजिबातच उठत नसेल तरी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फाइली बाहेर काढता येतात. डिस्क कटकट वाजत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नये.

नव्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की त्यातले बरेच आपोआप डिस्कला बिटलॉकर पद्धतीचं कुलूप लावतात, म्हणजे डेटा सांकेतिक करून ठेवतात. बिघाडानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती त्या खात्यात असते. विकताना दुकानदाराने घाईत स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून दिलेलं असलं, तर की गिऱ्हाइकाला कुठून मिळणार? तिथे लिनक्सनेही फाइली निघत नाहीत आणि मीही काही करू शकत नाही. लॅपटॉप घेतानाच आपल्या ईमेलचा आग्रह धरा आणि ती की वहीत उतरवून ठेवा.

व्यवसायबंधूंना एकच विनंती. जमा पावतीवर ‘डेटा हवा / नको’ असा रकाना छापावा आणि त्यावर सही घेतल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नये. पावतीपुस्तकं नाहीतरी छापूनच घेतो आपण.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, बार्शी