आरएक्स-७ विकली, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

दादाने तुम्हाला सांगितलंच आहे, माझी माझदा आरएक्स-७ गाडी लिलावात विकली. आई, तुझा प्रश्नही त्याच्याकडून पोचला, "पैशाची काही अडचण आहे का गं तिला?" नाही. घराचे हप्ते वेळेवर जातायत, दोघांच्या नोकऱ्या शाबूत आहेत. आपल्याकडे लिलाव म्हटलं की बँकेची जप्तीच डोळ्यांपुढे येते, पण इथे अमेरिकेत हौसेच्या गाड्या अशाच विकतात. लिलाव संपला तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता, पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि आईकडे देतात. म्हणून पत्र.

बाबा, तुम्ही आला होतात तेव्हा ते इंजिन गॅरेजमधल्या टेबलावर उघडं पडलं होतं. "ह्यात व्हॉल्व्ह कुठायत?" असं तुम्ही विचारलंत, आणि पिस्टनही नाही म्हटल्यावर खुर्ची ओढून बसलात. आई, तुझ्यासाठी सांगते : ह्याला रोटरी इंजिन म्हणतात. आत दोन लोखंडी रोटर असतात, फुगीर बाजूंचे त्रिकोण, साधारण समोशासारखे. ते चेंबरमध्ये गोल फिरतात, रोटरचा एक फेरा झाला की शाफ्टचे तीन होतात. प्रत्येक टोकाला २ मिमी जाडीची एक पट्टी, खाली बारीक स्प्रिंग. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मुख्यतः त्या सहा पट्ट्यांवर. त्या झिजल्या की गाडी थंड असताना चटकन सुरू होते, पण पेट्रोल भरून परत किल्ली फिरवली की नुसती घरघर. माझी तेच करत होती, म्हणून तर स्वस्तात मिळाली होती, आणि म्हणूनच इंजिन उघडून मी ते पुन्हा बांधलं.

हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोटोंनी १९६०च्या दशकात ४७ इंजिनिअर घेऊन ह्या पट्ट्यांशीच झुंज दिली होती. चेंबरच्या आतून आडवे ओरखडे उठायचे, त्यांना ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. ते निस्तरल्यावर १९६७ साली त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. माझी १९९३ची : १,३०८ सीसी, दोन टर्बो, २५५ हॉर्सपॉवर. शेजारच्या काकांची पद्मिनी १,०८९ सीसीची होती, घाटात तिचं काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मग विकली का? एक कारण सरळ आहे. अमेरिकेत ही गाडी दोनच सीटची यायची आणि चिनूची चाइल्ड-सीट तिच्यात बसत नाही. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा ती गॅरेजबाहेर काढायची सोय नाही. पण खरं सांगू का, रनिंग-इन, म्हणजे बांधलेलं इंजिन जपून चालवायचा काळ, संपलं आणि माझा जीव तिच्यातून निघाला. पहिले हजारेक मैल ४,००० आरपीएमच्या आत चालवायची होती, तेव्हा मी रोज कान लावून बसायचे. नंतर ती छान चालायला लागली, आणि छान चाललेल्या गाडीत मला करण्यासारखं काही उरेना. नुसती पुसून, झाकून ठेवणारे इथे पुष्कळ आहेत. मला तो प्रकार पटत नाही.

ब्रिंग अ ट्रेलर ह्या लिलावाच्या वेबसाइटवर लावली. सात दिवस बोली चालते. लोक फार बारीक प्रश्न विचारतात : पट्ट्या कुठल्या (माझदाच्याच), पाण्याचे सील बदलले का (सगळे), चेंबर नवे की जुने (जुनेच, मोजून वापरले), गरम इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ दाखवा. आणि शेवटी तो एक प्रश्न, इंजिन बांधलं कोणी? ओळखीच्या एकाने सुचवलं होतं, "रिबिल्ट" एवढंच लिही, कोणी ते कशाला सांगतेस. नामांकित वर्कशॉपने बांधलेल्याला जास्त पैसे येतात, घरी बांधलेल्यावर विश्वास नसतो, हे मलाही दिसत होतं. तरी लिहिलं, मालकिणीने स्वतः, घरच्या गॅरेजमध्ये.

आणि त्याखाली वहीचे फोटो लावले.

बाबा, दापोडीच्या वर्कशॉपमधली तुमची सवय. बोल्ट आवळला की टॉर्क लिहायचा, फीलर गेज घातला की माप लिहायचं, "हाताला कळतं" म्हणणाऱ्या फिटरला इंजिनाजवळ उभं करायचं नाही. मी सगळं तसंच लिहिलंय, डावीकडे मॅन्युअलचं माप, उजवीकडे माझं. शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलायची मोकळीक) ०.०५ मिमी, हवा होता ०.०४ ते ०.०७. आकडे मराठीत, कारण वही लिहिताना माझा हात तसाच चालतो. एकाने विचारलं की हे कसलं कोड आहे, मग शून्य ते नऊचा तक्ता करून लावावा लागला. दुसऱ्या एकाने तो तक्ता घेऊन पानन् पान तपासलं आणि सगळी मापं मर्यादेत आहेत असं सगळ्यांदेखत लिहिलं. त्यानंतर बोली सरकायला लागली. शिवाय बाहेरच्या गॅरेजकडून कॉम्प्रेशन तपासून घेतलं होतं. साधा गेज इथे चालत नाही, रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवणारा लागतो. सहाही आकडे चांगले आले.

शेवटच्या दोन मिनिटांत कोणी बोली लावली की घड्याळ परत दोन मिनिटांवर जातं. दोघेजण अडीचशे-अडीचशे डॉलरने ताणत राहिले. माझी मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद करून बघत होते. ३८,५०० डॉलरला थांबलं. आई, आपल्या हिशेबात तीस लाखांच्या वर. वर्कशॉपने बांधलेली असती तर आणखी आले असते, पण मग ती माझी राहिली नसती. घेणारे गृहस्थ टेक्सासचे, विमानांची इंजिनं दुरुस्त करतात. वही मागत होते. पानांच्या प्रती दिल्या, वही नाही दिली.

पैसे बरेचसे घराच्या कर्जात जातील. "सोनं घे" म्हणशील, तर थोडं घेईन. उरलेल्यातून एक जुनं इंजिन बघून ठेवलंय. तेही माझदाचं रोटरीच, १२ए नावाचं, पाणी शिरून जाम झालेलं.

बाबा, त्यासाठी तुमचा ०-२५ मिमीचा, जाडी मोजायचा मायक्रोमीटर हवाय. इथला डिजिटल आहे, पण मला तुमच्याच्या खटक्याची सवय आहे. दादा दिवाळीनंतर येतोय, त्याच्या मोठ्या बॅगेत द्या, हातातल्या बॅगेत नको, सिक्युरिटीवाले अडवतील. आणि आई, कृपा करून तो लाडवांच्या डब्यात घालू नकोस. तेल लावून, त्याच्या लाकडी पेटीतच राहू दे.

गुडघ्याचा एक्स-रे काढलात का ते पुढच्या फोनवर सांगा. "बरं, बरं" चालणार नाही.

तुमची,
मनू